गिल्बर्ट जेसप

गिल्बर्ट लेअर्ड जेसप (१९ मे, १८७४ – ११ मे, १९५५) हे इंग्लंडचे क्रिकेट खेळाडू होते. ग्लॉस्टरशायर काउंटी, केंब्रिज विद्यापीठ आणि इंग्लंड या संघांकडून ते खेळले. वेगाने धावा करणारा फलंदाज म्हणून त्यांची ख्याती होती आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इंग्लिश क्रिकेटमध्ये या बाबतीत त्यांची बरोबरी करणारा दुसरा फलंदाज झाला नाही. जलदगती गोलंदाजी आणि कव्हर पॉइंटच्या जागेवरील क्षेत्ररक्षण यांमुळे त्यांची गणना अष्टपैलू खेळाडूंत होते. १९०२ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ७७ मिनिटांत काढलेल्या १०४ धावा ही कसोटी क्रिकेटच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिलेल्या खेळींपैकी एक आहे. फलंदाजी करताना ते कमरेत बरेच वाकून उभे राहत, त्यामुळे त्यांना 'द क्राउचर' (वाकून उभा राहणारा) हे टोपणनाव मिळाले.

प्रारंभिक जीवन

जेसप यांचा जन्म ग्लॉस्टरशायरमधील चेल्टनम या गावी झाला. वडील शल्यचिकित्सक होते आणि गिल्बर्ट हे त्यांचे अकरावे अपत्य. शिक्षण चेल्टनमच्या ग्रामर स्कूलमध्ये झाले. ते पंधरा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. घरची परिस्थिती बेताची झाल्याने पुढील काही वर्षे त्यांनी शाळांमध्ये शिक्षक म्हणून काम केले. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या संघातून खेळण्याची त्या काळी मुभा असे. या वर्षांत शालेय सामन्यांत त्यांनी धावांचा आणि बळींचा अक्षरशः ढीग रचला.

१८९४ साली मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर लँकेशायरविरुद्ध ते ग्लॉस्टरशायरकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. त्या वेळी डब्ल्यू. जी. ग्रेस हे ग्लॉस्टरशायरचे कर्णधार होते. १८९६ मध्ये जेसप यांनी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. त्यानंतर सलग चार वर्षे ते विद्यापीठाच्या संघात होते आणि १८९९ साली संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. १८९७ च्या हंगामात त्यांनी हजार धावा आणि शंभर बळी अशी दुहेरी कामगिरी केली आणि 'विस्डेन' या वार्षिकाने १८९८ च्या अंकात वर्षातील उत्कृष्ट खेळाडूंमध्ये त्यांची निवड केली. १८९७ मध्ये पेल्हम वॉर्नर यांच्या आणि १८९९ मध्ये रणजितसिंहजींच्या संघासोबत त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. अमेरिकेत, विशेषतः फिलाडेल्फियात, त्या काळी क्रिकेट बऱ्यापैकी रुजलेले होते.

फलंदाजीची शैली

जेसप यांची उंची सुमारे पाच फूट सात इंच होती. बांधा मजबूत, खांदे रुंद आणि हात लांब होते. गोलंदाज धावत येऊ लागला की ते बॅट दांड्याच्या खालच्या भागात धरून इतके वाकत की त्यांची टोपी जवळजवळ बॅटच्या मुठीच्या पातळीला येई. चेंडू हातातून सुटताच मात्र ते उसळी घेतल्यासारखे सरळ होत आणि पुष्कळदा क्रीजच्या दोन-तीन पावले बाहेर येऊन चेंडूला भिडत. पायांची चपळाई हे या फटकेबाजीचे मूळ होते. केवळ अंगबळावर चेंडू टोलवणारे फलंदाज प्रत्येक काउंटीत असत. असा फलंदाज एका दुपारी चमकून पुढील दहा डावांत शून्याच्या आसपास बाद होई. जेसप यांनी पन्नासाहून अधिक शतके काढली, यावरून त्यांच्या फटक्यांमागे विचार होता हे स्पष्ट होते.

त्या काळातील इंग्लिश फलंदाजीत ऑफ बाजूच्या सुबक ड्राइव्हला विशेष प्रतिष्ठा होती. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू लेग बाजूला ओढणे हे हौशी खेळाडूला न शोभणारे मानले जाई. जेसप यांनी हा संकेत कधीच पाळला नाही. एकाच टप्प्याचे तीन चेंडू ते तीन निरनिराळ्या दिशांना मारू शकत: एक उशिरा कट करून, दुसरा गोलंदाजाच्या डोक्यावरून आणि तिसरा गुडघा टेकवून आडव्या बॅटने स्क्वेअर लेगकडे. यामुळे प्रतिस्पर्धी कर्णधाराला क्षेत्ररक्षणाची रचना करणे कठीण होई. चांगल्या टप्प्यावर टाकलेला चेंडू आदराने अडवावा या गृहीतकावरच गोलंदाजाचा सारा डाव उभा असे आणि जेसप यांच्यापुढे हे गृहीतकच कोलमडत असे.

त्यांच्या धावांचा वेग समजून घेताना तेव्हाचे नियम लक्षात घेणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये १९१० पर्यंत चेंडू सीमारेषेवरून नव्हे, तर मैदानाच्या आवाराबाहेर गेला तरच सहा धावा मिळत. सीमेपलीकडे प्रेक्षकांत पडलेल्या, आज षटकार ठरणाऱ्या फटक्याला चारच धावा मिळत. जेसप यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग याच नियमाखाली गेला. दुसरीकडे, षटके टाकण्याचा वेग आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक होता. तासाला वीस किंवा त्याहून अधिक षटके टाकली जात, त्यामुळे फलंदाजाला तेवढ्याच मिनिटांत जास्त चेंडू खेळायला मिळत. फलंदाजाने किती चेंडू खेळले याची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती, म्हणून त्या काळातील खेळींचा वेग मिनिटांतच सांगितला जातो. जेसप यांच्या ५३ शतकी खेळींमधील धावांचा सरासरी वेग ताशी ८० हून अधिक होता. चरित्रकार जेराल्ड ब्रॉड्रिब यांनी हा हिशेब मांडला आहे.

ग्लॉस्टरशायर

१८९९ मध्ये ग्रेस यांनी क्रिस्टल पॅलेस येथील नव्या लंडन काउंटी संघासाठी ग्लॉस्टरशायर सोडले आणि १९०० पासून कर्णधारपद जेसप यांच्याकडे आले. १९१२ पर्यंत ते या पदावर होते. संघाची गोलंदाजी दुबळी होती आणि पैशांची चणचण नेहमीची होती. काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत ग्लॉस्टरशायर या काळात बहुधा तळाच्या भागातच राहिले. तरीही त्यांच्या सामन्यांना गर्दी होई. जेसप फलंदाजीला उतरल्याची वार्ता पसरली की गावातील लोक कामधंदा सोडून मैदानाकडे निघत, अशी वर्णने तत्कालीन लेखनात वारंवार आढळतात.

१९०० चा हंगाम त्यांच्यासाठी सर्वांत यशस्वी ठरला. त्या वर्षी त्यांनी २,२१० धावा केल्या आणि १०४ बळी घेतले. ब्रॅडफर्ड येथे यॉर्कशायरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके (१०४ आणि १३९) काढली. यॉर्कशायरचा संघ त्या वर्षी काउंटी स्पर्धेत अपराजित राहिला होता आणि त्यांचे डावखुरे फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स फलंदाजांना नामोहरम करत होते. जेसप यांनी त्या सामन्यात ऱ्होड्स यांचे चेंडू सात वेळा मैदानाबाहेर भिरकावले. एका सामन्यात दोन शतके काढण्याची कामगिरी त्यांनी एकूण चार वेळा केली.

यॉर्कशायरशी त्यांचे नाते विशेष होते असे म्हणावे लागेल. १८९७ मध्ये हॅरोगेट येथे याच संघाविरुद्ध त्यांनी ४० मिनिटांत शतक गाठले होते. हा विक्रम १९२० पर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षी सरेच्या पर्सी फेंडर यांनी नॉर्थम्प्टनशायरविरुद्ध ३५ मिनिटांत शतक काढले. १९०१ मध्ये लॉर्ड्सवर उर्वरित इंग्लंड संघाकडून खेळताना जेसप यांनी यॉर्कशायरविरुद्धच २३३ धावा केल्या. १९०७ साली हेस्टिंग्ज येथील उत्सवी सामन्यात त्यांनी ९० मिनिटांत १९१ धावा काढल्या. त्यातील शंभर धावा ४२ मिनिटांत झाल्या होत्या.

त्यांची सर्वोच्च खेळी १९०३ मध्ये होव्ह येथे ससेक्सविरुद्ध झाली. १७५ मिनिटांत त्यांनी २८६ धावा केल्या. ते खेळपट्टीवर असताना संघाच्या ३५५ धावा झाल्या, म्हणजे इतर सर्वांच्या आणि अवांतर मिळून ६९ धावा झाल्या. पहिल्या दोनशे धावांना त्यांना १२० मिनिटे लागली. वेळेच्या हिशेबाने प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हे सर्वांत वेगवान द्विशतक होते. १९७६ मध्ये क्लाइव्ह लॉइड यांनी स्वॉन्झी येथे ग्लॅमॉर्गनविरुद्ध या विक्रमाची बरोबरी केली आणि जानेवारी १९८५ मध्ये तो मुंबईत मोडला गेला. रवी शास्त्री यांनी वानखेडे मैदानावर बडोद्याविरुद्ध ११३ मिनिटांत द्विशतक पूर्ण केले. तिलक राज यांच्या एका षटकात मारलेल्या सहा षटकारांमुळे शास्त्री यांची ती खेळी सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या दिवशी मोडलेला विक्रम एडवर्डकालीन एका इंग्लिश काउंटी कर्णधाराचा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

गोलंदाज म्हणून जेसप यांनी कारकिर्दीच्या पूर्वार्धात चांगला वेग राखला होता. पुढे पाठीच्या दुखण्यामुळे गोलंदाजी कमी झाली. जून १९०७ मध्ये ग्लॉस्टर येथे नॉर्थम्प्टनशायरचा संघ अवघ्या १२ धावांत सर्वबाद झाला. काउंटी अजिंक्यपद स्पर्धेतील ही नीचांकी धावसंख्या आहे. त्या डावात जॉर्ज डेनेट यांनी ९ धावांत ८ बळी घेतले आणि उरलेले दोन बळी जेसप यांनी ३ धावांत मिळवले. दुसऱ्या डावातही नॉर्थम्प्टनशायरची ७ बाद ४० अशी अवस्था झाली होती, परंतु पावसामुळे सामना अनिर्णित राहिला.

कसोटी कारकीर्द

जेसप यांनी १८९९ मध्ये लॉर्ड्स येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी पदार्पण केले आणि पहिल्याच डावात ५१ धावा काढल्या. १९०१–०२ च्या हंगामात आर्ची मॅक्लारेन यांच्या नेतृत्वाखाली ते ऑस्ट्रेलियाला गेले. पहिली कसोटी जिंकून इंग्लंडने पुढील चारही गमावल्या. जेसप यांची फलंदाजी तेथे फिकी पडली. सिडनी येथील एका सामन्यात ६८ धावांत ४ बळी ही त्यांची कसोटीतील सर्वोत्तम गोलंदाजी मात्र याच दौऱ्यातील होय.

१९०२ ची मालिका आणि ओव्हल कसोटी

१९०२ च्या उन्हाळ्यात जो डार्लिंग यांचा ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडमध्ये आला. पहिल्या दोन कसोटी पावसामुळे अनिर्णित राहिल्या. शेफील्ड येथील तिसरी कसोटी ऑस्ट्रेलियाने जिंकली. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात जेसप यांना सलामीला पाठवण्यात आले होते आणि त्यांनी ५५ धावा केल्या होत्या. तरीही मँचेस्टरच्या चौथ्या कसोटीतून त्यांना वगळण्यात आले. तो सामना इंग्लंडने अवघ्या ३ धावांनी गमावला आणि त्यासोबत मालिकाही हातची गेली. निवड समितीच्या या निर्णयावर पुढे बरीच टीका झाली. जेसप खेळले असते तर त्या तीन धावा निघाल्या असत्या की नाही, हे अर्थातच कोणी सांगू शकत नाही. परंतु ते बाहेर असल्याने इंग्लंडने केवळ एक फलंदाजच नव्हे तर संघातील एक अव्वल क्षेत्ररक्षकही गमावला होता, हा आक्षेप योग्य वाटतो.

शेवटची कसोटी ११ ऑगस्टपासून ओव्हलवर सुरू झाली. मालिका निकालात निघाली असल्याने प्रश्न फक्त प्रतिष्ठेचा होता. जेसप यांना पुन्हा संघात घेण्यात आले. ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ३२४ धावा केल्या. इंग्लंडचा डाव १८३ धावांत आटोपला. ह्यू ट्रंबल या उंच ऑफ स्पिन गोलंदाजाने ६५ धावांत ८ बळी घेतले. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव मात्र १२१ धावांतच संपला. बिल लॉकवुड यांनी ४५ धावांत ५ बळी मिळवले आणि त्या मोसमातील ऑस्ट्रेलियाचे आघाडीचे फलंदाज व्हिक्टर ट्रंपर धावचीत झाले. अशा रीतीने १३ ऑगस्टच्या सकाळी इंग्लंडपुढे विजयासाठी २६३ धावांचे लक्ष्य होते. पावसाने बिघडलेल्या खेळपट्टीवर चौथ्या डावात एवढ्या धावा होतील अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती.

आरंभ भीतीला साजेसाच झाला. मॅक्लारेन, पॅलेरेट आणि टिल्डस्ली हे तिघे केवळ १० धावांत तंबूत परतले. डावखुरे फिरकी गोलंदाज जॅक सॉन्डर्स यांचे चेंडू कमालीचे वळत होते. हेवर्ड आणि ब्रॉन्ड हेही फार टिकले नाहीत. धावफलकावर ५ बाद ४८ असे आकडे लागले असताना जेसप मैदानात उतरले. दुसऱ्या टोकाला यॉर्कशायरचे स्टॅन्ली जॅक्सन सावधपणे खेळत होते.

उपाहारापूर्वी जेसप यांचा खेळ त्यांच्या मानाने जपून झाला, पण पूर्ण निर्दोष नव्हता. यष्टिरक्षक केली यांनी त्यांना यष्टिचीत करण्याची संधी दवडली आणि लाँग ऑफला एक झेलही हुकला. उपाहाराला इंग्लंडची धावसंख्या ५ बाद ८७ होती. त्यानंतर मात्र चित्र पालटले. जेसप यांनी सॉन्डर्स यांच्यावर हल्ला चढवून त्यांना गोलंदाजीवरून हटवणे भाग पाडले. ट्रंबल पॅव्हेलियनच्या बाजूने अखंड मारा करत होते. त्यांचे काही चेंडू जेसप यांनी सरळ प्रेक्षागाराच्या सज्जापर्यंत भिरकावले. मैदानाबाहेर न गेल्यामुळे तत्कालीन नियमानुसार त्यांचे चारच मोजले गेले. जॅक्सन ४९ धावांवर बाद झाले तेव्हा धावसंख्या १५७ होती. सहाव्या गड्यासाठी १०९ धावांची भागी झाली होती आणि तिच्यातील मोठा वाटा जेसप यांचा होता.

७५ मिनिटांत जेसप यांचे शतक पूर्ण झाले. प्रेक्षकांनी टोप्या हवेत उडवल्या आणि जल्लोष शमेपर्यंत खेळ थांबला. थोड्याच वेळात आर्मस्ट्राँग यांच्या चेंडूवर नोबल यांच्या हाती झेल देऊन ते १०४ धावांवर बाद झाले. ते खेळत असताना संघाच्या १३९ धावा झाल्या होत्या. त्यांच्या खेळीत १७ चौकार होते आणि एका फटक्यावर त्यांनी पाच धावा मिळवल्या होत्या.

सामना मात्र संपला नव्हता. ७ बाद १८७ या स्थितीत आणखी ७६ धावा हव्या होत्या. जेसप यांची खेळी आठवणीत राहिली यात नवल नाही. परंतु पुढील तासाभरात जॉर्ज हर्स्ट यांनी दाखवलेली स्थिरता नसती तर ती एका पराभवातील शोभेची बाब ठरली असती. लॉकवुड आणि लिली यांच्या मदतीने हर्स्ट यांनी धावसंख्या २४८ पर्यंत नेली. शेवटचे फलंदाज ऱ्होड्स आले तेव्हा १५ धावा बाकी होत्या. "एकेक धाव घेऊनच जिंकू" असे हर्स्ट यांनी ऱ्होड्सना सांगितल्याची आख्यायिका आहे. ऱ्होड्स यांनी पुढे तिचा इन्कार केला. प्रत्यक्षात धावा सावकाशीने निघाल्या आणि इंग्लंडने एक गडी राखून सामना जिंकला. हर्स्ट ५८ आणि ऱ्होड्स ६ धावांवर नाबाद राहिले.

जुन्या धावपुस्तिकांच्या आधारे नंतर केलेल्या गणनेनुसार जेसप यांचे शतक ७६ चेंडूंत झाले होते. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटींतील सर्वांत वेगवान शतकाचा हा मान २००६ पर्यंत त्यांच्याकडे होता. त्या वर्षी पर्थ येथे ॲडम गिलख्रिस्ट यांनी ५७ चेंडूंत शतक झळकावले. इंग्लंडच्या फलंदाजांपैकी जॉनी बेअरस्टो हे २०२२ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ट्रेंट ब्रिज येथे या आकड्याच्या अगदी जवळ पोहोचले. त्यांना ७७ चेंडू लागले, म्हणजे एका चेंडूने विक्रम वाचला.

पुढील कसोटी सामने

ओव्हलनंतर जेसप यांनी कसोटीत पुन्हा शतक केले नाही. १९०७ मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ते शतकाच्या जवळ आले होते. दक्षिण आफ्रिकेचे गुगली गोलंदाज त्या वेळी इंग्लिश फलंदाजांना कोड्यात टाकत होते. जेसप यांनी चेंडू कोणत्या दिशेला वळेल याचा विचार न करता तो टप्प्यावरच गाठला आणि सव्वा तासात ९३ धावा केल्या. १९०९ मध्ये लीड्स येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली आणि त्यांना फलंदाजी करता आली नाही. १९१२ मध्ये ते शेवटचा कसोटी सामना खेळले.

१८ कसोटींत २१.८८ च्या सरासरीने ५६९ धावा हे आकडे पाहता जेसप कसोटी दर्जाचे फलंदाज होते का, असा प्रश्न काही समीक्षकांनी उपस्थित केला आहे. निवड समितीलाही तो वेळोवेळी पडला असावा, कारण त्यांना कसोटी संघात सातत्याने स्थान मिळाले नाही. त्यांच्या बाजूने असे म्हटले जाते की सामन्याची दिशा एका तासात बदलू शकणाऱ्या खेळाडूला सरासरीच्या मापाने मोजणे अपुरे आहे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एवढ्या वेगाने खेळूनही त्यांची सरासरी ३२ च्या वर होती. त्या काळातील उघड्या खेळपट्ट्यांचा विचार करता हा आकडा कमी नाही.

क्षेत्ररक्षण

कव्हर पॉइंट आणि एक्स्ट्रा कव्हरच्या परिसरात जेसप उभे असताना धाव घेण्याचे धाडस फलंदाज क्वचितच करत. धावता धावता चेंडू उचलून खाली न वाकल्यासारखी सपाट फेक करणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. त्यांनी धावचीत केलेल्या फलंदाजांची स्वतंत्र नोंद उपलब्ध नसल्यामुळे त्यांच्या कामगिरीचा हा भाग आकडेवारीत दिसत नाही. संघनिवडीच्या वेळी मात्र त्याचा विचार होत असे.

युद्ध आणि उत्तरायुष्य

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जेसप सैन्यात दाखल झाले आणि मँचेस्टर रेजिमेंटमध्ये कॅप्टन झाले. पाठीच्या दुखण्यावर उष्णतेचे उपचार चालू असताना १९१६ मध्ये झालेल्या अपघातात त्यांच्या हृदयाला कायमची इजा झाली. त्यानंतर ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळू शकले नाहीत. १९१४ हा त्यांचा शेवटचा हंगाम ठरला.

हौशी खेळाडू म्हणून काउंटीकडून वेतन मिळत नसल्याने लेखन हे पूर्वीपासूनच त्यांच्या उपजीविकेचे एक साधन होते. युद्धानंतर त्यांनी वृत्तपत्रांतून क्रिकेटविषयी लिहिणे चालू ठेवले. 'अ क्रिकेटर्स लॉग' हे त्यांचे आठवणींचे पुस्तक १९२२ मध्ये प्रकाशित झाले. काही काळ त्यांनी एका गोल्फ क्लबचे सचिव म्हणून काम केले. त्यांचे पुत्र, जे पुढे धर्मगुरू झाले, १९३३ मध्ये हॅम्पशायरकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. अखेरची वर्षे जेसप यांनी डॉरसेटमधील डॉर्चेस्टरजवळ फोर्डिंग्टन येथे याच मुलाच्या घरी काढली. ११ मे, १९५५ रोजी, वयाची ८१ वर्षे पूर्ण होण्यास आठ दिवस असताना तेथेच त्यांचे निधन झाले. ब्रॉड्रिब यांनी लिहिलेले 'द क्राउचर' हे त्यांचे चरित्र जन्मशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आकडेवारी

प्रथम श्रेणीच्या ४९३ सामन्यांत जेसप यांनी ३२.६३ च्या सरासरीने २६,६९८ धावा केल्या. त्यांत ५३ शतके असून त्यांपैकी पाच द्विशतके आहेत. २२.७९ च्या सरासरीने त्यांनी ८७३ बळी घेतले आणि ४६३ झेल टिपले. १८ कसोटींपैकी १३ ऑस्ट्रेलियाविरुद्ध आणि ५ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध होत्या. कसोटीत त्यांच्या नावावर एक शतक आणि १० बळी आहेत. कसोटीच्या २६ डावांत ते एकदाही नाबाद राहिले नाहीत.